अंगठ्याएवढी चरबी

सकाळी फ्रिज उघडायचा म्हटलं की महामाया आधी श्वास रोखून धरायची. दूध काढायला हात घालावा तर आधी तो डबाच हाताला लागायचा. त्यात मोड आलेली मेथी, तिच्याखाली काळा पडलेला दुधीचा कीस, आणि शेजारच्या वाटीत भिजत घातलेले शेंगदाणे, पाण्यावर फेस आलेले. झाकण नीट बसलं नसलं की सगळ्या फ्रिजला ओल्या पोत्याचा वास सुटायचा. चहाच्या दुधालाही तोच वास येतो असं तिला वाटायचं. वर नवरा सांगणार, हे जिवंत अन्न आहे. जिवंत आहे म्हणूनच तर हात लावायची भीती वाटते, हे तिच्या अगदी ओठांवर यायचं आणि ती चहा टाकायला वळायची.

नवरा म्हणजे देवानंद. मोताळ्यात त्याला अजूनही लोक मोजणीवाले साहेब म्हणतात. सारी नोकरी तालुक्यातली शेतं मोजण्यात गेली. वीतभर बांधावरून जिथं डोकी फुटायची तिथं हा जाऊन उभा राहायचा, आणि यानं हद्दीचा दगड रोवून घेतला की भाऊबंद गुमान घरी जायचे. निवृत्त झाला आणि मोजायला काही उरलं नाही. त्यातच डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की चरबी जरा वाढली आहे, तळलेलं कमी खा, सकाळी फिरायला जा. एवढंच सांगितलं होतं. पण मोजणीवाल्या माणसाला ‘जरा’ आणि ‘कमी’ हे शब्द पचत नाहीत, त्याला नेमकं माप लागतं.

ते माप त्याला अविनाश सरांनी दिलं. हे सर पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. आता एका शेतघरात शिबिरं घेतात, आणि उरलेला वेळ मोबाईलवरून अर्ध्या जिल्ह्याला कच्चं खायला शिकवतात. अन्नाला आग लागली की अन्न मेलं, ही त्यांची पहिली शिकवण. देवानंद शिबिराहून परतला तो गॅसकडे पाठ फिरवूनच. भाकरी मेलेली, वरण मेलेलं, पिठलं तर कधीचंच मेलेलं. महामाया आणि त्याची म्हातारी आई तानाबाई जेवायला बसल्या की हा शेजारी कच्चं दोडकं घेऊन बसायचा आणि त्यांच्या ताटांकडे असं बघायचा, जणू दोघी सुतकातल्या आहेत.

कच्चं खायचं तर खा बापा, असं महामाया सुरुवातीला म्हणाली. ती रोहिणखेडच्या शाळेत मास्तरीण. पोरांची नाना खुळं पाहिलेली, हेही त्यातलंच एक समजून तिनं सोडून दिलं. पण खरा घोळ पुढेच होता, आणि तो चरबीचा होता. कच्च्यात चरबी किती खायची? यावर सरांच्या मोबाईलवरच्या गटात दोन तट पडले होते. एक म्हणायचे, कच्ची आहे ना, मग खोबरं खा, बदाम खा, हवे तेवढे खा. दुसरे म्हणायचे, चरबी ती चरबी, कच्ची असली तरी विषच. रोज सकाळी त्यांची जुंपायची आणि देवानंद चष्मा लावून दोन्हीकडचं वाचत बसायचा. शेवटी सरांनी निवाडा दिला. ज्यानं त्यानं दिवसाला आपापल्या अंगठ्याएवढी चरबी खावी, निसर्गानं माप हातातच दिलेलं आहे.

झालं. त्या दिवसापासून देवानंदचा अंगठा ताटात आला. खोबऱ्याचा तुकडा कापायचा, त्याच्या शेजारी अंगठा लावायचा, डोळा बारीक करून बघायचं, जास्तीचं कापून बाजूला ठेवायचं. मग शंका. अंगठा नखासकट धरायचा की नखाशिवाय? शेंगदाणे मोजायचे ते कोरडे की भिजून फुगलेले? त्यासाठी सरांना फोन, आणि सरही कंटाळत नसत. नख पिवळं, जाड, कडेला मेथीची हिरवी रेघ अडकलेली. तो अंगठा खोबऱ्याला टेकला की महामाया हातातला घास परत ताटात ठेवायची. आणि गंमत अशी की माणूस वाळत गेला तसा अंगठाही वाळत गेला, अंगठा वाळला तसं खोबरंही घटत गेलं. खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी, अशी म्हण आहे. यानं त्यातलं उपाशी तेवढं उचललं होतं.

सदरे खांद्यावरून ओघळायला लागले. गालांच्या वाट्या झाल्या. जिभेवर पांढरा थर आणि तोंडाला असा वास, की महामायानं आपली खाट खिडकीकडे ओढून घेतली. एकेक घास पाणी होईपर्यंत चावायचा, हाही सरांचाच नियम. डोळे मिटून तो चघळत राहायचा आणि ओठांच्या कोपऱ्यातून हिरवं पाणी हनुवटीवर उतरायचं. इतक्या वर्षांचा संसार, आजारपणात याची भांडी काढली, उलट्या पुसल्या, कधी नाक मुरडलं नाही. पण हे बघवत नव्हतं. आपल्याला अन्नाची किळस येते की माणसाची, हे ठरवायला ती भीत होती.

आणि अशातच वैशाख पौर्णिमेच्या खिरीची पाळी त्यांच्या घरावर आली.

त्यांच्या नगरात रीत अशी, की बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाली की विहारात सगळ्यांना खीर वाटायची, आणि ती खीर एका घरानं करायची. घरं बरीच, त्यामुळे पाळी एकदा आली की पुन्हा केव्हा येईल याचा नेम नाही. मागच्या वेळी या घरावर आली तेव्हा देवानंद नुकता नोकरीला लागला होता आणि खीर तानाबाईनं केली होती. दूध आटून आटून बदामी झालेलं, वर तुपाचा तवंग, आणि शितं अशी शिजलेली की बिनदाताच्या माणसानंही खावी. नगरातली वडीलधारी माणसं अजून त्या खिरीचं नाव काढतात. आता तानाबाईला डोळ्यांनी धूसर दिसतं, चुलीशी बसवत नाही. पण पाळी आल्याचं कळलं तशी म्हातारी उठूनच बसली. तिनं सुनेला जवळ घेऊन सांगितलं, की यंदा खीर तुझ्या हातची, पण पहिला पळा मी वाढणार. मग मला वरून बोलावणं आलं तरी चालेल. महामायानं माहेरी धामणगाव बढ्याला भावाला फोन केला, आणि भावानं घरच्या म्हशीचं तूप डबा भरून आणून दिलं.

तो डबा पाहून देवानंदच्या कपाळाला आठी पडली, पण घरात तो काही बोलला नाही. बोलला विहाराच्या बैठकीत. उभा राहून म्हणाला, की यंदा आपल्या घरची खीर कच्ची राहील. विस्तव नाही, तूप नाही, साखर नाही. भिजवलेला तांदूळ, खजूर, आणि माणशी अंगठ्याएवढं ओलं खोबरं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी खोकललं. पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या बांधाचं भांडण या माणसानं मिटवलं होतं, आणि तेही कुणाचा चहा न पिता. ज्यानं आपल्याला न्याय दिला त्याच्या खिरीला तोंडावर नाही कोण म्हणणार? छान कल्पना आहे साहेब, असं चार जण म्हणाले आणि ठराव झाला. महामाया बायकांच्या बाजूला बसली होती. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करायचा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून ती गप्प राहिली.

घरी आल्यावर मात्र तिनं तोंड उघडलं. निदान दुसऱ्या पातेल्यात खरी खीर करू द्या, असं ती म्हणाली.

“लोकं खीर प्याले येतात. औषध प्याले नाई.”

“दोन पातेले ठेवले तं मंग माही काय इज्जत राह्यली?” देवानंद म्हणाला. “तूच नाई म्हनशीन तं लोकं काय म्हनतीन?”

त्याचा आवाज चिरका झाला होता. एवढा वाळलेला माणूस आणि त्यात एवढा हट्ट. तिला दया यायला हवी होती, आली ती शिसारी. तिनं तुपाचा डबा फळीवर ठेवून दिला. मनात म्हणाली, होऊनच जाऊ दे एकदा. चार लोकांनी तोंड वाकडं केलं म्हणजे याचं डोकं ठिकाणावर येईल. सासूला मात्र ती काही बोलली नाही. म्हातारी आपली दोन दिवस पांढरं लुगडं उन्हात घालून, घडी करून, उशाशी घेऊन बसली होती.

वैशाखातलं मोताळ्याचं ऊन काय असतं ते तिथं राहणाऱ्यालाच विचारावं. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा उन्हात देवानंदनं आदल्या दिवशी भिजवलेला तांदूळ सकाळी वाटला, खजूर कुस्करला, आणि खोबऱ्याचे तुकडे अंगठा लावून लावून एका परातीत टाकले. एवढ्या माणसांना ते खोबरं पुरेना, पातेलं पाणचट दिसायला लागलं, तेव्हा त्यानं वाटलेला दुधी त्यात ओतला. वाटता वाटता वीज गेली. ती आली तोवर दुपार कलली होती आणि पातेल्यातल्या करड्या लगद्याला बुडबुडे यायला लागले होते. एक बुडबुडा वर यायचा, जरा थांबायचा आणि फुटायचा. फुटला की आंबूस भपका. महामायानं नाकाला पदर लावला आणि सांगितलं, हे नासलं आहे, ओतून द्या, अजून वेळ आहे, मी दूध मागवते. त्यानं सरांना फोन लावला. सर म्हणाले, ते नासणं नव्हे, त्यात जीव आला आहे, पोटाला उत्तमच. फोन ठेवून देवानंदनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि अंघोळीला गेला.

संध्याकाळी विहार माणसांनी भरला. पांढऱ्या साड्या, धुतलेले सदरे, केसांना तेल चोपडलेली पोरं. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मग रीतीप्रमाणे पहिली वाटी मूर्तीपुढे ठेवायला तानाबाईला हाताला धरून पुढे नेलं. म्हातारीनं दोन्ही हातांत वाटी धरली होती. वाटीतला तो करडा रस पावलागणिक काठावर येत होता.

महामायाला तिथं उभं राहवेना. शाळेत दरवर्षी ती पोरांकडून सुजातेचा प्रसंग बसवून घ्यायची. उपास करकरून ज्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्यानं तो हट्ट सोडला आणि एका बाईच्या हातची खीर खाल्ली, हे तिच्या शाळेतल्या दुसरीच्या पोरींनाही पाठ होतं. त्या बुद्धाच्याच पुढे आज हे ठेवलं होतं, आणि बाजूला बरगड्या निघालेला तिचा नवरा हात जोडून उभा होता. तिला आयुष्यात कधी आली नव्हती एवढी लाज आली. त्याची आली आणि गप्प बसलेल्या स्वतःचीही आली.

मग द्रोण फिरले. पहिला पळा तानाबाईनं वाढला, पुढचे देवानंदनं. लोकांनी द्रोण ओठाला लावले. चेहरे क्षणभर आवळले आणि लगेच नीट झाले. “छान झाली साहेब,” एक जण म्हणाला. “वेगळी चव आहे,” दुसरा म्हणाला. एका बाईनं घरी सासऱ्यांना नेते म्हणून द्रोण पदराखाली धरला आणि दाराबाहेर पडताच तो टाकून हात झटकला. तोंड वाकडं कुणी केलं नाही. महामाया ज्याची वाट बघत होती ते घडलंच नाही. देवानंद मात्र फुलून आला होता. एकेकाला विचारत होता आणि एकेक जण मान डोलवत होता.

तेवढ्यात तिचं लक्ष सासूकडे गेलं. तानाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि खीर पीत होती. घोट घेत होती, थांबत होती, डोळे मिटून गिळत होती, पुन्हा घोट घेत होती. महामाया धावत गेली आणि द्रोण काढून घ्यायला लागली. म्हातारीनं तो सोडला नाही.

“आपल्या घरची खीर हाय बाई,” ती हळूच म्हणाली. “आपनच टाकली तं लोकं काय म्हनतीन?”

आणि तिनं तळाचा लगदाही बोटानं निपटून खाल्ला.

उजाडायच्या आतच म्हातारीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत डोळे आत गेले होते, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि आशा ठेवा एवढंच सांगितलं. तिनं ओकलेलं महामायानं आपल्या हातानं पुसलं. त्यात ते करडे कण होते, खजुराच्या साली होत्या. त्याची तिला जराही किळस आली नाही. किळस आली ती बाहेरच्या बाकावर बसून सरांना फोन लावणाऱ्या माणसाची.

दवाखान्यातून घरी येताना देवानंद विहारामागून आला. तिथं कडुनिंबाखाली द्रोणच द्रोण पडले होते, जवळजवळ भरलेले, उन्हानं वर साय धरलेले. त्यावर माशा होत्या. एक कुत्रं येऊन हुंगून निघून गेलं. घरी येऊन तो खुर्चीत बसला आणि चष्मा काढून पुसत राहिला. डबा न्यायला आलेल्या महामायाला वाटलं, आता तरी माणूस हलला असेल.

“नाई आवडली तं तोंडावर सांगाचं,” तो शेवटी म्हणाला. “खोटं काऊन बोलले लोकं? मले खोट्याची चीड आहे.”

डबा घेऊन ती परत दवाखान्यात गेली.

म्हातारी वाचली. काटक होती म्हणून वाचली, नाहीतर तिसरा दिवस दिसला नसता. घरी आणली तेव्हा ती चिमणीएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, पेज द्या, मग मऊ भात. आणि भात पचायला लागला तशी एका सकाळी तानाबाई सुनेला म्हणाली, मला खीर दे. खरी. तुझ्या हातची.

महामायानं शाळेत रजा कळवली. गॅस पेटवला, मोठा केला, नवऱ्याला आवाज जाईल एवढा तांब्या आपटून पातेल्यात दूध ओतलं. दूध आटलं, बदामी झालं. शितं बोटानं दाबून पाहिली. फळीवरचा तुपाचा डबा काढला, त्याचं झाकण उघडल्याबरोबर घरभर वास गेला. किती महिन्यांनी या घरात ओल्या पोत्याच्या वासावर माणसाच्या जेवणाचा वास चढला होता. तिला रडूच आलं, तिनं ते येऊ दिलं. वाटी भरून ती सासूजवळ बसली आणि डब्यातलं तूप चमच्यानं वर सोडायला लागली.

देवानंद येऊन उभा राहिला. आईसाठी सरांना विचारलं होतं, असं तो सांगायला लागला. सर म्हणाले, शिजलेलं द्यायचंच असेल तर द्या, पण आजारी माणसाला चरबी निम्मीच, अर्ध्या अंगठ्याएवढी. हे बोलता बोलता तो वाकला आणि त्यानं तो पिवळ्या नखाचा अंगठा वाटीच्या काठाशी, तुपाच्या शेजारी आणून धरला, मधल्या सांध्यावर दुसऱ्या हाताचं नख ठेवून. महामायाचा हात थांबला. वाटी ओढून घ्यावी की याच्या अंगावर रिकामी करावी, हे तिला कळेना.

तानाबाईला अंगठा धूसर दिसला असेल. तिनं चाचपून तो हातात घेतला. उलटा केला, पाहिला, आपल्या बोटांनी त्याची हाडं चाचपली.

“हाच आंगठा चोखत राहे तू, देवा,” ती म्हणाली. “वरचं दूध पचे नाई तुले. मी हा आंगठा तुपात बुडवू बुडवू तुह्या तोंडात देत होती. तव्हा घरात तूप तरी कुठं होतं? मागून आनत होती मी. तव्हा कोनं मोजलं होतं रे?”

आणि तिनं त्याचा अंगठा वाटीत बुडवला, मुळापर्यंत. “चोख,” ती म्हणाली.

देवानंद अंगठा वर धरून उभा राहिला. तूप मनगटाकडे ओघळत होतं. त्याचा कंठमणी एकदा वर जाऊन खाली आला. महामाया त्याच्या तोंडाकडे बघत होती. इतके महिने साठलेली सगळी किळस तिनं क्षणभर बाजूला सारली होती. एकदा, फक्त एकदा त्यानं तो अंगठा तोंडात घातला असता, तर ती खाट खिडकीपासून परत ओढायला तयार होती.

तो वळला आणि मोरीत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. दार उघडंच होतं. तो अंगठ्याला साबण चोळत होता, एकदा, मग पुन्हा एकदा, नखाच्या कडेनं, सांध्याच्या रेघांतून, तुपाचा ओशटपणा जाईपर्यंत.

“गोड लागलं का रे, देवा?” तानाबाईनं इकडून विचारलं.

“हाव माय,” तो मोरीतून म्हणाला. “छान झाली.”

म्हातारी समाधानानं हसली आणि तिनं तोंड उघडलं. महामायानं तिला घास भरवला, मग दुसरा, आणि नळ बंद होईपर्यंत मोरीकडे मान वळवली नाही.